आजीच्या कार्यक्रमातली अदलाबदल

आधीच सांगून टाकते म्हणजे सुटले: मी माझ्या आजीच्या अंत्यविधीच्या कार्यक्रमात फेरफार केला. फोनवर. लिफ्टमध्ये. अकरावा मजला ते तळमजला, तेवढ्या वेळात. आणि का केला, तर ताईवर जळत होते म्हणून. दुसरं काही कारण सापडतं का ते खूप शोधलं, नाही सापडलं.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. काकांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, राहायला प्रभादेवीला. आम्ही परळला, आणि आजी आमच्याकडे. चाळ होती तेव्हापासून आमच्याकडेच. मग चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर चढलो. आजी म्हणायची, "बिल्डरने देवाच्या जवळ आणून ठेवलंय. आता फार चालावं लागणार नाही."

आजी नर्स होती. नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात शिकली, मग लग्न होऊन परळला आली आणि इथल्याच एका हॉस्पिटलात रिटायर होईपर्यंत राहिली. आम्ही मेथॉडिस्ट ख्रिस्ती. शाळेत हे सांगितलं की लगेच, "म्हणजे गोव्याचे का?" नाही बाबा, नगरचे. "मग घरी वाईन असेल ना नाताळला?" वाईन? आमच्या केकमध्ये मनुकासुद्धा संत्र्याच्या रसात भिजायच्या. आजीसमोर पत्त्यांचा कॅट काढायची हिंमत माझ्या पप्पांची पन्नाशीपर्यंत झाली नाही.

आणि संध्याकाळी सात म्हणजे सात. टीव्ही बंद, गॅस बंद, सगळे हॉलमध्ये. आजी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचणार, मग प्रार्थना. रोज एक अध्याय, क्रमाने, लाल फीत घालून ठेवायची. शेजारच्या मालवणी काकूंनाही टायमिंग पाठ. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "आवाज कमी कर रे मेल्या, आजींची प्रार्थना चालू आसा."

मग आजीचे डोळे गेले. काचबिंदू. एका डोळ्याने आधीच दिसत नव्हतं, दुसऱ्याचंही वर्षभरात गेलं. ती रडलीबिडली नाही. फक्त विचारलं, "सात वाजता कोण वाचणार?"

मी! अजून कोण? मी घरातली, माझी खोली तिचीच खोली, ऑफिस चालत दहा मिनिटांवर, साडेसहाला मी घरी. मी लगेच शास्त्र उघडून बसले. तिसऱ्याच दिवशी आजीने हात वर केला.

"थांब गं. दावीद राजाला धाप लागली."

"फास्ट वाटलं?"

"तू अध्याय वाचत नाहीस, संपवतेस."

खरं होतं ते. मला फास्टच येतं सगळं. बोलणं, टाईप करणं, जेवणं. आमच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आळीपाळीचं वाचन असतं, एक ओवी पुढे उभा असलेला वाचतो, पुढची ओवी सगळी मंडळी एकत्र. तर मंडळीत मी कायम सगळ्यांच्या आधी संपवायचे आणि शेवटचा शब्द माझा एकटीचा ऐकू यायचा. लहानपणी आजी चिमटा काढायची.

तर मला काढलं आणि ताईला ठेवलं. ताई क्वायरमध्ये गाते. ताईचा आवाज असा की तिने रेशनकार्ड वाचलं तरी लोक डोळे मिटतील. ती ऑफिसमधून थेट यायची, सातच्या पाच मिनिटं आधी. परळ-प्रभादेवीमधला पूल पाडायला घेतल्यापासून तिला केवढा वळसा पडायचा, तरी यायची. आणि आजी रोज म्हणणार, "पोर एवढा वळसा घालून येते." मी हॉल ओलांडून येते त्याची काय किंमतच नाही!

आजीची बाकी सगळी कामं माझी. गोळ्या, डोळ्यांत थेंब, नखं कापणं, केस विंचरून अंबाडा, बाथरूमला नेणं. आणि सात वाजता ताई येणार, हात धुणार, खुर्ची आजीच्या गुडघ्याला लावून बसणार, आणि आजीचा चेहरा असा काही व्हायचा ना, दिवसभरात माझ्यासमोर एकदाही व्हायचा नाही तसा. मी सोफ्यावर बसून ते बघायचे आणि पोटात अक्षरशः दुखायचं. वाचन चालू असताना मी ताईचे पाय बघायचे, मोजे बघायचे, मोज्याला भोक असेल तर बरं वाटायचं.

मग मी एक काम केलं. एका दुपारी शास्त्रातली फीत काढली आणि पुढे नेऊन जिथे नुसती वंशावळ आहे तिथे घातली. शास्त्रात तशी जागा आहे, पानंच्या पानं नुसती नावं, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, आणि नावं अशी की जिभेला गाठ पडेल. मला वाटलं ताई अडखळेल, आजी वैतागेल, मी सोफ्यावरून शांतपणे म्हणेन, आजी, मी वाचून बघू का?

ताईने उघडलं. जरा थबकली. "आजी, इथे नावं आहेत नुसती."

"फीत तिथे आहे ना?"

"आहे."

"मग वाच."

वाचलं. पंचवीस मिनिटं. ताई अडखळली, आजी हसली, ताईपण हसली, दोघी मिळून एकेक नाव सोडवत होत्या, कोडं सोडवतात तसं. शेवटी आजी म्हणाली, "मी दरवर्षी ही पानं उडवून जायची गं. या बिचाऱ्यांचं नाव कोणी घेत नाही. बरं झालं आज घेतलं." आणि नावांचे पुढचे सगळे अध्यायही त्यांनी वाचले. नऊ दिवस! नऊ दिवस मी सोफ्यावर बसून अमक्याला तमका झाला ऐकत होते.

दहाव्या दिवशी मी तिची नखं कापत होते. आजीने विचारलं, "फीत कशी काय सरकली गं एवढी पुढे?"

"पंख्याने असेल."

"हुशार आहे आपला पंखा."

बस्स. दुसरा हात पुढे केला.

आता कार्यक्रमाचं. एका रविवारी उपासनेहून आलो, मटण-भात झाला, पप्पा आडवे झाले, आणि आजी मला म्हणाली, "फोन काढ. तू ते भराभरा टाईप करतेस ना, ते कर. माझा कार्यक्रम लिहून घे."

"कसला कार्यक्रम?"

"जायचा."

मी म्हटलं, आजी प्लीज. ती म्हणाली, प्लीज काय त्यात, देवळातल्या पाळकसाहेबांवर सोडलं तर ते सगळी उदास गाणी लावतील. मग सांगत गेली. सुरुवातीचं गाणं हे, शेवटचं ते, नंबरासकट. साडी पांढरी, पण निळ्या काठाची नको, ड्युटीवर चालल्यासारखं वाटतं. पाळकसाहेबांनी वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही.

"असं कसं लिहू?"

"मरतेय कोण? लिही."

नंतर घरी सगळ्यांना चहा, कपबशीत, कागदी कपात दिला तर मी उठून बसेन. आणि मग म्हणाली, "शास्त्रवाचन."

माझा अंगठा थांबला. खरं सांगते, मला वाटलं आता माझं नाव घेणार. एवढी नखं कापली, फोन माझा, लिहितेय मी. हे एक तरी मला देईल.

"तुझी ताई," आजी म्हणाली. "स्तोत्र एकशे तीन. बावीस ओव्या आहेत, एकही सोडायची नाही."

मी टाईप केलं. मग तिने हात पुढे करून माझं मनगट चाचपलं. नर्सची सवय, धरलं की नाडीच बघायची.

"आणि तू दारात उभी राहा. गाण्याची पुस्तकं वाट."

पुस्तकं वाट! आमच्या देवळात ते काम शब्बाथशाळेतली, म्हणजे संडे स्कूलमधली, पोरं करतात. आठवी-नववीतली! मी वाद घातला नाही. "पुस्तकं: मी" असं टाईप केलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुःखाने नाही. जळून.

नाताळ झाला. नाताळाला ती देवळात आली होती, व्हीलचेअरवर, सगळ्या ओळींत सगळ्यात मोठ्याने गायली. नव्या वर्षात छातीत कफ झाला, हॉस्पिटलात ठेवलं. त्याच हॉस्पिटलात, जिथे तिने नोकरी केली. नव्या नर्स पोरींना ती सांगायची, उशी अशी नाही गं, अशी. पाच दिवस मी सकाळपासून असायचे, ताई संध्याकाळी. सहाव्या दिवशी ताईने रजा टाकली होती, दुपारीच आली. चारच्या सुमाराला आजी म्हणाली, चहा मिळेल का? मी खाली गेले. कँटीनला लाईन होती. वर आले तर ताई खुर्ची बेडला लावून बसलेली, मांडीवर शास्त्र, आणि हळूहळू वाचतच होती. मी आजीकडे बघितलं. मला लगेच कळलं.

"ताई."

ताईने मान वर केली. ती वाचत होती, तिला कळलंच नव्हतं.

माझ्या हातात दोन कप होते. आणि मनात पहिलं काय आलं माहितीये? आजी गेली, हे नाही आलं. हिच्या वाटणीला हेपण गेलं, हे आलं. मी पाच दिवस, सकाळपासून, आणि शेवटचा आवाज हिचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांचा पप्पांना फोन आला, कार्यक्रम छापायचाय, आईंनी काही सांगून ठेवलंय का? पप्पा म्हणाले, हिच्या फोनमध्ये आहे. मी म्हटलं, लगेच पाठवते. मालवणी काकूंनी खाली बसायला खुर्च्या मागवल्या होत्या, त्या मोजून घ्यायला निघाले. लिफ्टमध्ये नोट उघडली. "शास्त्रवाचन: ताई" होतं तिथे माझं नाव घातलं. "पुस्तकं: मी" होतं तिथे तिचं. बाकी कशाला हात लावला नाही, वीस मिनिटांचंही तसंच ठेवलं. तळमजला आला तेव्हा पाठवून झालं होतं.

देवळाच्या दारात ताईने झेरॉक्सचा कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी कानातलं नीट करत होते.

"बरं," ती म्हणाली, आणि पुस्तकांचा गठ्ठा उचलला.

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आजी पुढे पेटीत होती, पांढरी साडी, काठाशिवाय. देऊळ भरलं, लोक भिंतीला टेकून उभे. गाणं झालं, प्रार्थना झाली, माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. माझी वेळ आली होती शेवटी, आणि मी ठरवलं होतं हळू वाचायचं, इतकं हळू की आजीला पेटीतून पटेल. पहिल्या तीन ओव्या गेल्या. चौथीला डोळ्यांत पाणी आलं आणि पान गेलं. म्हणजे समोर आहे, पण अक्षर नाही एकही, नुसतं पांढरं-काळं हलतंय. पुसलं, परत भरलं. पप्पांना वाटलं माईक गेला, ते हाताने खुणा करायला लागले.

आणि मागून, दारातून, आवाज आला.

ताई. हातात उरलेली पुस्तकं छातीशी धरलेली, एकही उघडलेलं नाही. चौथी ओवी ती तिथूनच म्हणाली, पाठ, संथ, रोज सात वाजता म्हणायची तशी. ती थांबली. मला पाचवी अंधुक दिसली, ती मी वाचली. परत अडले. सहावी तिने म्हटली.

आणि मग जे झालं ते आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. मंडळीला वाटलं, हे आळीपाळीचं वाचन आहे! एक ओवी पुढून, एक मागून. मिनिटभर पानांची सळसळ झाली, चष्मे निघाले, आणि आठवीला सगळं देऊळ ताईबरोबर वाचायला लागलं. नववी मी, दहावी सगळे. ज्यांना शास्त्र माहीत नाही ते मालवणी काकूंसारखे लोक शेजाऱ्याच्या पुस्तकात वाकून. गवताची आणि रानातल्या फुलाची ओवी खरं तर माझी, पण मागच्या बाकावरचे म्हातारे तीही न बघता म्हणत होते. बावीसच्या बावीस ओव्या झाल्या. मी कुठेच पुढे पळाले नाही, पळताच येत नव्हतं.

शिवडीच्या कबरस्तानात माती देऊन आल्यावर घरी चहा. कपबशीत. पाळकसाहेब बशीत ओतून पित म्हणाले, "वाचन छान बसवलंत हो." काकू म्हणाल्या, "दोघी बहिणींनी काय वाचलात गो, काटा इलो अंगावर." मी थँक्यू म्हटलं. निर्लज्जासारखं थँक्यू म्हटलं.

मग मी आणि ताई किचनमध्ये कप धुवत होतो. मी विसळतेय, ती पुसतेय.

"तुला पाठ कसं होतं?" मी विचारलं.

"आजीने करून घेतलं. दिवाळीपासून. म्हणाली, त्या दिवशी डोळ्यांत पाणी असेल, पान दिसायचं नाही, पुस्तकावर राहू नकोस."

माझ्या हातातून बशी सुटली. फुटली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं. वाचन तुझं होतं ते."

"हो. आणि दार तुझं."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? पेटीसमोर?" ताईने कप जोरात ठेवला. "मला राग आलाय तुझा. खूप आलाय. आज भांडायची ताकद नाही, म्हणून पुसतेय कप."

मी सॉरी म्हटलं. फीतही सांगितली. ती म्हणाली, ते माहितीये, पंखा.

पुढचा कप घेत तीच बोलली. "दारात कसं झालं सांगू? प्रत्येक जण पुस्तक घ्यायला हात पुढे करतो आणि हातच धरून ठेवतो. एक बाई म्हणाली, मी वॉर्डात रडत होते तर तुमच्या आजीने माझ्या नवऱ्याला दम देऊन घरी धाडलं. एक माणूस म्हणाला, तुमच्या आजीने माझं लग्न मोडलं, फार उपकार झाले."

"काय? का मोडलं?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाहीस?!"

"मागे लाईन होती गं! मी नुसतं हो का, हो का करत होते. मला नाही येत ते. आजी म्हणाली होती मला, ही वाचायला लागली तर लोकांना धाप लागेल. हिला दारात ठेवू, ही कोणाला बोलल्याशिवाय आत सोडणार नाही."

"कोण होता तो माणूस? कसा दिसत होता?"

"शर्ट घातला होता."

"ताई!"

"मला नाही आठवत. पुस्तक घेतलं आणि गेला आत."

तेव्हा परत पोटात दुखलं, तिथेच, त्याच जागी. पन्नास-साठ माणसं आजीला हातात धरून आली होती आणि ती सगळी ताईच्या हातात देऊन गेली. आणि ताईने हो का म्हणून सोडून दिली. मी असते तर नाव विचारलं असतं, वॉर्ड विचारला असता, नवऱ्याचं पुढे काय झालं विचारलं असतं, लाईन गेटपर्यंत गेली असती. ते माझ्यासाठीच ठेवलं होतं. मीच लिफ्टमध्ये देऊन टाकलं.

महिन्याने घरी आजीसाठी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. कार्यक्रम मीच टाईप केला. शास्त्रवाचन: ताई. पुस्तकं: मी. ताई माझ्याशी तेव्हा जेमतेम बोलत होती, कागद बघून ती हात धुवायला गेली. सात वाजले. भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. ताईने आजीच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढली, आजीच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं, आणि वाचायला सुरुवात केली. आणि मी दारात पुस्तकं घेऊन उभी, आणि काय सांगू, तेच. तो आवाज आला आणि मी जळले. आजी नाही, कोणाच्या चेहऱ्यावर काही व्हायचं राहिलं नाही, तरी जळले.

लग्न मोडलेला माणूस आला नव्हता. मी आलेल्या प्रत्येक पुरुषाला विचारून झालं होतं, दोघे जण घाबरलेसुद्धा.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. एक म्हाताऱ्या बाई, हातात पिशवी, दम लागलेला. उशीर झाला, उशीर झाला म्हणत चपला काढायला लागल्या. मी पुस्तक पुढे केलं आणि सोडलं नाही.

"तुम्ही आजीला कुठून ओळखता?"

त्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडे. "लांबड आहे गं. आत बसून सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "आत वाचन चालू आहे. इथेच सांगा. पहिल्यापासून."